हात पसरावे लागू नयेत म्हणून

विद्यार्थी-साहाय्य व्यवस्थेची फेरमांडणी करायचं काम माझ्याकडे आलं, त्यामागे माझ्या मायाळूपणाची ख्याती वगैरे काही नव्हती. मुलांमध्ये माझं नाव ‘कडक मॅडम’ असंच आहे. मी संख्याशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षानंतर इतकी मुलं शिक्षण सोडून का जातात, याचे आकडे कुणीतरी मांडायला हवे होते. तेवढ्यापुरती मी बैठकीला गेले आणि येताना समितीचं अध्यक्षपद गळ्यात घेऊन आले. “तुम्ही भावनेच्या भरात काही करणार नाही,” असं प्राचार्य म्हणाले. हे कौतुक होतं की टोमणा, ते मी विचारलं नाही.

आकड्यांच्या आधी मी फायली मागवल्या. कार्यालयात मागच्या काही वर्षांचे विनंतीअर्ज व्यवस्थित लावून ठेवलेले होते. प्रकल्पाला मुदतवाढ, हजेरीत सूट, फेरपरीक्षा, फीचा हप्ता पुढे ढकलणं. असे गठ्ठे वाचायला बसलं की आधी डोळ्यांत भरते ती भाषा. विशीतली मुलं ‘आपला आज्ञाधारक’ होऊन, ‘कृपावंत होऊन’ लिहितात. आजाराचं वर्णन गरजेपेक्षा जास्त करतात, कारण थोडक्यात लिहिलं तर खोटं वाटेल अशी धास्ती. एका मुलाचे वडील गेले होते. त्याने त्याच मृत्यूचा दाखला प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना वेगवेगळा जोडला होता, आणि त्यातल्या एका अर्जावर लाल शाईत शेरा होता, ‘मूळ प्रत दाखवावी’. शेरा मारणारी व्यक्ती दुष्ट नाही, मी तिला चांगली ओळखते. नियमात मूळ प्रत लिहिली होती म्हणून तिने मूळ प्रत मागितली, इतकंच.

मग एका बाजूला अर्ज आणि दुसऱ्या बाजूला गळतीची यादी घेऊन नावं जुळवायला बसले. सोडून गेलेल्यांपैकी बहुतेकांचा एकही अर्ज सापडला नाही. ज्यांनी मागितलं त्यांना काही ना काही मिळालं होतं. चांगलं लिहिता येणाऱ्यांना आणि एखाद्या शिक्षकाशी ओळख असणाऱ्यांना जरा जास्तच. जे गेले त्यांनी मागितलंच नव्हतं. मागायला जे बळ लागतं ते ऐन अडचणीत अंगात उरत नाही, आणि आमची सगळी व्यवस्था त्या बळावर उभी होती. पुढे आम्ही जे काही केलं ते याच एका गोष्टीच्या मागे लागून केलं.

वाचनही त्याच काळात झालं. व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये विद्यार्थी शिक्षण का सोडतात याची जी मांडणी केली, तिचा आधार आजही घेतला जातो. विद्यार्थ्याचं अभ्यासाशी आणि तिथल्या माणसांशी नातं जुळतं की नाही, यावर त्याचं टिकणं अवलंबून असतं आणि हे तुटणं हळूहळू होतं, असं त्यांचं म्हणणं. या मांडणीवर टीकाही भरपूर झाली. विद्यार्थ्यानेच संस्थेत विरघळून जायचं, संस्थेने मात्र जागची हलायचं नाही, असा सूर तिच्यातून निघतो, हा त्यातला मला पटलेला आक्षेप. दुसरी नोंद वयाची. रोनल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीवरून दाखवलं की आयुष्यात कधीही होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांची सुरुवात १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांशांची २४ व्या वर्षापर्यंत झालेली असते. म्हणजे पदवीची वर्षं नेमकी त्याच पट्ट्यात येतात. हे वाचल्यावर ‘कॉलेज म्हणजे काही दवाखाना नाही’ हे वाक्य मला पूर्वीइतक्या ठामपणे म्हणता येईना. दवाखाना नाहीच, पण दार कुठे आहे हे तरी दाखवता यायला हवं.

त्यासाठी समितीतल्या सगळ्यांनी मानसिक प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घेतलं. हा अभ्यासक्रम ऑस्ट्रेलियात २००० साली बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी सुरू केला. किचनर परिचारिका, जॉर्म प्राध्यापक. रस्त्यावर कुणी कोसळलं तर डॉक्टर येईपर्यंत काय करायचं हे जसं सर्वसामान्यांना शिकवतात, तसंच मनाच्या बाबतीत शिकवावं अशी त्यामागची कल्पना. प्रशिक्षणात आमचे पदार्थविज्ञानाचे विभागप्रमुख निराश विद्यार्थी झाले होते आणि मी शिक्षिका. त्यांनी दोन वाक्यं बोलली न बोलली तोच मी तीन सल्ले देऊन मोकळी. प्रशिक्षिका हसली. “त्याने अजून सांगितलंच नाहीये,” म्हणाली. गप्प बसणं हा सगळ्यात अवघड धडा होता. आमच्या पेशात शांतता पसरली की ती भरून काढायची सवय असते.

दुसरा अवघड धडा थेट विचारण्याचा. “जीव द्यावा असं मनात येतं का?” हा प्रश्न तसाच्या तसा, आडवळण न घेता विचारायचा. आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या तोंडून तो बाहेरच पडेना. विचारलं तर नसलेला विचार डोक्यात जाईल, ही भीती सर्वत्र असते. पण ती खरी नाही. विचारल्याने धोका वाढतो असा पुरावा अभ्यासांत मिळालेला नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनाही या समजाची गणना गैरसमजांतच करते. उलट कुणीतरी विचारलं यानेच पुष्कळांना हलकं वाटतं. उत्तर ‘हो’ आलं तर मुलाला एकटं सोडायचं नाही, तज्ज्ञाकडे पोचवायचं, आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही द्यायचं नाही. हे शेवटचं मला विशेष आवडलं. इतर सगळी गुपितं गुपितं राहतील, जिवाला धोका असेल तर राहणार नाहीत, हे बोलणं सुरू होतानाच सांगून टाकायचं. सुटसुटीत नियम आहे.

मायकेल वेस्ट यांनी ब्रिटनच्या आरोग्यसेवेतल्या नेतृत्वाबद्दल लिहिताना करुणेचे चार भाग सांगितले आहेत: लक्ष देणं, समजून घेणं, ते दुःख आपल्यापर्यंत पोचू देणं आणि मदत करणं. समितीत हे चारही फळ्यावर लिहिले गेले, आणि लवकरच दिसलं की तिसऱ्याबद्दल बोलायला सगळे उत्सुक आहेत, चौथ्यापाशी आलं की घड्याळं बघतात. साहजिक आहे. चौथ्याला पैसे लागतात, तास लागतात, आणि कुणाचा तरी अधिकार कमी करावा लागतो.

पैसे न लागणारी गोष्ट आधी हातात घेतली, ती म्हणजे पत्रं. पहिल्या सत्रात कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला जे पत्र जात असे त्यातलं एक वाक्य देते. ‘आपली शैक्षणिक प्रगती असमाधानकारक असून त्यात सुधारणा न झाल्यास आपणांवर नियमानुसार कारवाई करण्यात येईल, याची गांभीर्याने नोंद घ्यावी.’ पत्रावर सही कुणाची ते कळत नव्हतं, कुणाला भेटायचं ते लिहिलेलं नव्हतं. शॅनन ब्रेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या अशाच पत्रांवर काम केलं आहे. मजकूर बदलला तर मुलांना वाटणारी शरम कमी करता येते, असं त्यांना दिसलं. हे विद्यापीठांच्या ध्यानीमनीही नसतं, कारण पत्र पाठवणाऱ्याच्या लेखी ती फक्त सूचना असते. मिळणाऱ्याच्या लेखी तो निकाल असतो.

नवीन पत्राच्या मसुद्यावर आम्ही इतका वाद घातला की त्यात एखादा अभ्यासक्रम तयार झाला असता. पहिला मसुदा मराठीच्या मॅडमनी केला, तो इतका गोड होता की परीक्षेत नापास होणं ही आनंदाची बातमी वाटावी. तोही बाद केला. नियम काय आहे आणि पुढच्या सत्रात किती विषय सुटले पाहिजेत हे मुलाला स्वच्छ कळायलाच हवं. ते लपवण्यात दया नाही. शेवटी ठरलं ते असं: ‘पहिल्या सत्रात तुझे अमुक विषय राहिले आहेत. पुढच्या वर्षात जाण्यासाठी त्यातले इतके सुटायला हवेत. दरवर्षी अनेक विद्यार्थी या टप्प्यावर असतात. कारणं वेगवेगळी असतात, आजारपण, घरची अडचण, नोकरी, अभ्यासाची पद्धत न जमणं. त्यातली बहुतेक मिळून सोडवता येतात. मी बुधवारी दुपारी दोन ते चार या वेळेत तुझ्यासाठी जागा राखून ठेवली आहे. ती वेळ जमत नसेल तर फक्त ‘दुसरी वेळ’ एवढंच कळव.’ खाली शिक्षकाचं नाव आणि खोली क्रमांक. ‘तू’ म्हणायचं की ‘आपण’ यावर एक अख्खी बैठक गेली. वर्गात आपण त्यांना तूच म्हणतो, मग पत्रात एकदम परकं का करायचं, या मुद्द्यावर ‘तू’ जिंकलं.

जागा आधीच राखून ठेवणं, हा त्यातला खरा बदल. ‘गरज वाटल्यास संपर्क साधावा’ असं लिहिलं की पुन्हा ओझं मुलावरच येतं.

मुदतवाढीचा नियम बदलताना मात्र चांगलीच ठिणगी पडली. प्रस्ताव असा होता: प्रत्येक विद्यार्थ्याला सत्रात प्रत्येक विषयाला एकदा ठराविक दिवसांची मुदतवाढ, कारण न सांगता. त्याहून जास्त लागली तर साहाय्य कक्षाकडे यायचं. तिथे एकदाच सांगायचं, कागद एकदाच दाखवायचा, आणि कक्षाकडून सगळ्या शिक्षकांना चार ओळींची नोंद जाईल. नोंदीत काय सवलत द्यायची ते असेल, का द्यायची ते नसेल. रसायनशास्त्राचे ज्येष्ठ सर उभे राहिले. “मॅडम, कारण विचारायचं नाही म्हणजे खोटं बोलायलाही लागणार नाही. मुलं सोकावतील.” मी म्हटलं, “सर, खोटं ज्यांना छान जमतं त्यांना आपण आजही मुदत देतोच आहोत. ज्यांना जमत नाही त्यांचं काय?” त्यावर ते गप्प बसले नाहीत, आणि बरं झालं. त्यांनी विचारलं, की प्रयोगशाळेत दोघांची जोडी असते, एकाने मुदत घेतली तर दुसऱ्याने काय करायचं? हा आक्षेप बिनतोड होता. एकाला दिलेली सवलत दुसऱ्याच्या डोक्यावर बसत असेल तर ती सवलत द्यायची तरी कशी? त्यामुळे जोडीने किंवा गटाने करायच्या कामांना नियम लागू नाही, तिथे शिक्षकानेच कामाची वाटणी बदलून द्यायची, असं ठरलं. विरोध करणाऱ्यांना समितीत ठेवा, हा सल्ला मी या कामात पडणाऱ्या कुणालाही देईन. नियमातली भोकं त्यांनाच आधी दिसतात.

काही मुलांनी फायदा घेतला का? घेतला. मला ते चालतं.

पैशांचं सांगायचं तर आमच्यासमोर अमेरिकेतल्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीचं उदाहरण होतं. तिथे २००३ मध्ये सहा वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण ३२ टक्के होतं. पुढच्या दहा-बारा वर्षांत ते ५० टक्क्यांच्या वर गेलं. त्यासाठी त्यांनी अनेक गोष्टी केल्या, त्यातली एक २०११ मध्ये सुरू झाली. दर सत्रात फी थकली म्हणून ज्यांचं नाव कमी होई, त्यांत अभ्यास नीट चाललेली, पदवीच्या उंबरठ्यावर आलेली मुलंही असत आणि अडलेली रक्कम पुष्कळदा थोडकी असे. विद्यापीठाने अर्जाची वाट न बघता अशी मुलं स्वतः शोधून थकबाकी भरायला सुरुवात केली. हिशेब तोट्याचाही नव्हता, कारण टिकलेला विद्यार्थी बाकीची फी भरतो. आमचा निधी त्या मानाने अगदीच लहान. माजी विद्यार्थ्यांकडून आणि काही शिक्षकांकडून जमवलेला. पण पद्धत तीच उचलली. यादी लेखा विभागाने करायची, शेवटच्या वर्षाची आणि थोड्या थकबाकीची मुलं आधी घ्यायची.

यात एक गंमत झाली. लेखा विभागातल्या खिडकीवर बसणाऱ्या काकांना आम्ही कुठल्याही प्रशिक्षणाला बोलावलं नव्हतं. यादी मागायला गेले तेव्हा त्यांनी संगणकावरची यादी दिली आणि वर एक कागद काढून दिला. “ही नावं त्यात येणार नाहीत मॅडम. यांची फी भरलेली आहे. पण ही मुलं पावती घ्यायला आली तेव्हा वसतिगृहाचे पैसे परत मिळतात का, असं विचारून गेलीत.” हा माणूस हे सगळं कित्येक वर्षं बघत होता आणि सांगायला त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. त्या दिवसानंतर समितीत त्यांची जागा पक्की झाली, ग्रंथपालांची आणि वसतिगृहाच्या अधीक्षकांचीही. कुठलं मूल कोमेजलंय हे प्राध्यापकांच्या आधी यांना कळतं.

ग्रंथपालांनीच एका दुसऱ्या वर्षाच्या मुलीबद्दल सांगितलं. रोज बंद होईपर्यंत बसते, पण पुस्तकाचं पान उलटत नाही. मी तिला बोलावलं नाही, मीच ग्रंथालयात गेले आणि शेजारी बसले. थोडं इकडचं तिकडचं झालं, मग ती गप्प झाली आणि मीही गप्प राहिले. नंतर तो प्रश्न विचारला, शिकवला होता तसाच. ती ‘हो’ म्हणाली. पुढचे काही तास आम्ही बरोबर होतो. समुपदेशक आल्या, तिच्या संमतीने मोठ्या बहिणीला फोन केला, डॉक्टरांकडे नेलं. माझ्याकडून एवढंच. उपचार हे माझं काम नव्हतं. माझं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं: तिचं सत्र थांबवायचं, पण नाव न कापता; परत यायची तारीख आत्ताच लिहून द्यायची; वसतिगृहातली जागा राखायची; आणि कॉलेजातल्या एकाच माणसाने तिच्याशी संपर्क ठेवायचा, पाच जणांनी नाही. यातल्या प्रत्येक गोष्टीला नियमात वाट काढावी लागली, आणि प्राचार्यांनी ती सह्या करून काढून दिली. नेतृत्व म्हणजे काय असतं ते मला त्या सह्यांमध्ये दिसलं. एका शब्दाने त्यांनी ‘का’ विचारलं नाही. फक्त “हे पुढच्या मुलासाठीही लागू होईल असं लिहून आणा,” म्हणाले. ती मुलगी पुढच्या सत्रात आली, विषय बदलून. त्यापलीकडचं मी सांगत नाही, ते तिचं आहे.

सगळंच असं सरळ गेलं नाही. एक मुलगा परीक्षेत कॉपी करताना सापडला आणि त्याच्या घरची परिस्थिती खरोखर वाईट होती. समिती दुभंगली. एक गट म्हणत होता सोडून द्या, दुसरा म्हणत होता मग नियम कशाला ठेवता. आम्ही शेवटी चौकशी आणि साहाय्य यांची माणसंच वेगळी केली. चौकशी समितीला त्याचं घर माहीत नसेल, साहाय्य करणाऱ्याला निकालात मत नसेल. त्याचा पेपर रद्द झाला. त्याच आठवड्यात त्याला कामाचे तास बदलून मिळावेत म्हणून कक्षातून पत्र गेलं आणि राहिलेल्या विषयाला शिकवणीही मिळाली. माफी आणि मदत यांची गल्लत केली की दोन्हीकडे अन्याय होतो, हे माझं मत त्या प्रकरणानंतर पक्कं झालं. समितीतल्या सगळ्यांना ते अजूनही मान्य नाही.

आणि शिक्षक थकले. हे कुणी आधी सांगत नाही. सुरुवातीला सगळे भारावलेले असतात, रात्री अकराला विद्यार्थ्यांचे फोन घेतात. सहा महिन्यांनी तेच शिक्षक फोन वाजला की दचकतात. ओल्गा क्लिमेकी आणि टानिया झिंगर यांनी याबद्दल मेंदूचे स्कॅन घेऊन प्रयोग केले आहेत. लोकांना आधी दुसऱ्याचं दुःख स्वतःमध्ये उतरवून घ्यायचा सराव दिला, तेव्हा त्यांची स्वतःची उदासी वाढली. नंतर त्या माणसाचं भलं व्हावं या भावनेचा सराव दिला, तेव्हा ती उतरली आणि मेंदूतली वेगळीच क्षेत्रं जागी झाली. आमच्या भूगोलाच्या मॅडमना हे वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, “मग मी नेमकं उलटं करत होते की!” आम्ही वैयक्तिक फोन नंबर देणं बंद केलं. रात्रीसाठी तातडीचा एकच क्रमांक, त्यावर पाळीपाळीने माणसं. पंधरवड्याला समुपदेशक शिक्षकांना घेऊन बसतात, नावं न घेता प्रकरणं बोलली जातात. आणि प्राचार्यांनी मार्गदर्शक शिक्षकांचे आठवड्याचे दोन तास कमी केले. बाकी भाषणं काहीही होवोत, हे काम वेळापत्रकात दिसायला लागल्यावरच शिक्षकांना ते खरं वाटलं.

आता परिणाम. पहिल्या वर्षानंतरची गळती कमी झाली आहे. व्यवस्थापनाच्या बैठकीत कुणीतरी त्याचं श्रेय समितीला द्यायला निघालं तेव्हा मीच हात वर केला. त्याच वर्षी प्रवेशाचे निकष बदलले होते आणि एका अभ्यासक्रमाची रचनाही. तुलनेला वेगळा गट नाही. मग यातला किती भाग आमच्यामुळे, हे मला सांगता येणार नाही, आणि मी सांगितलं तर माझेच विद्यार्थी मला नापास करतील. जे मोजता येतं ते मोजत आहोत. राखून ठेवलेल्या वेळेला किती मुलं येतात, पहिल्यांदा येणारी कोणत्या वर्षाची असतात, एकही अर्ज न करता सोडून जाणारी अजून किती. हा शेवटचा आकडा शून्य झालेला नाही.

परीक्षा विभागाचं पत्र अजून जुनंच आहे. आमचा मसुदा त्यांच्याकडून परत आला, त्यात ‘मी तुझ्यासाठी जागा राखून ठेवली आहे’ खोडून वर पेन्सिलीने ‘उपस्थित राहावे’ केलेलं आहे. पुढच्या बैठकीत पहिला विषय तोच.